वास उठेपर्यंत

४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

रागावू नकोस. तू कितीही शिकलीस तरी नाव तेच राहणार. साखरेच्या डब्यात पट्टी उभी करून "आत्या, एवढी उरली" असं सांगणारी पोर मी दुसरी पाहिलेली नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या मनाचं घालते. मग आपलं भांडण होतं. कागदावर निदान भांडण नीट तरी होतं.

सोबत बरणी पाठवली आहे. हातांना लावायचं मलम, घरी केलेलं. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, सूर्यफुलाचं तेल, मेण, आणि संत्र्याच्या सालीचं सुगंधी तेल वास उठेपर्यंत. एकही केमिकल नाही, लिहून देते.

आमच्या गल्लीच्या टोकाला हॉस्पिटलची लाँड्री आहे, तुला आठवत असेल. तिथल्या बायकांचे हात बघवत नाहीत गं. उकळत्या पाण्यातल्या चादरी, साबण, ब्लीच. बोटांना भेगा, मनगटं सोललेली. मी दोन बरण्या अशाच नेऊन दिल्या, तर सुपरवायझर बाई म्हणाली, "आत्या, मार्चअखेरपर्यंत बघते. बायकांचे हात सुधारले तर तुमचं मलम सामानाच्या कपाटात कायमचं. साबणाशेजारी, ब्लीचशेजारी." मी घरी चालत आले की उडत, ते आठवत नाही.

तुला म्हणून सांगते. साबणाचा कारखाना बंद पडल्यापासून कुणाचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. तिथे कढईवर शेवटचा शब्द माझ्या नाकाचा असायचा. मोठे साहेबसुद्धा विचारायचे, "आत्याबाईंचं नाक काय म्हणतंय?" मला पुन्हा एकदा कुणीतरी म्हणायला हवंय, की तुमच्यावाचून अडलंय.

तर तुझ्या प्रयोगशाळेत हे तपास आणि एका कागदावर "उत्तम आहे" असं लिहून खाली सही कर. सुपरवायझर बाईला कागद फार आवडतात.

तुझी आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

बरणी पोचली. पार्सल उघडलं तेव्हा खालच्या वॉचमनने जिन्यातून विचारलं, की वर कुणी संत्र्यांचा ट्रक उलटवला का.

मलम दिसायला स्वच्छ आहे. रंग चांगला, गुठळी नाही. आमच्या प्रमुख मॅडमची परवानगी घेऊन मी त्याचा थोडा नमुना जंतू वाढवून बघायच्या प्लेटवर पसरला आणि उबदार कपाटात ठेवला. काही दिवसांत प्लेट भरून गेली. जंतू आहेत आणि बुरशीही आहे. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

तू लिहितेस की यात एकही केमिकल नाही. पाणी हे केमिकल आहे, आणि इथे नेमकं तेच अडचणीचं आहे. कोरफडीचा गर म्हणजे बहुतांशी पाणी. गुलाबपाणी म्हणजे पाणीच. पाणी असलेलं मलम टिकवणाऱ्या घटकाशिवाय ठेवलं की त्यात जंतू वाढतात. फ्रिजमध्ये ते मरत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. तू त्यात व्हिटॅमिन ई घातलं असशील तर त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो, जंतूंना त्याचा काही त्रास होत नाही.

फुटलेल्या कातडीवर हे लावू नये. दिलेल्या बरण्या परत आण.

सही करता येणार नाही.

तुझी भाची


१८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा दात-ओठ खाऊन.

"सही करता येणार नाही." वा! पोस्टातला कारकूनसुद्धा याहून गोड बोलतो. तुझ्या बापाचं असंच. लहानपणी मी चित्र काढलं की म्हणायचा, "घोड्याला पाच पाय आहेत." अरे, पण घोडा आहे हे तर कळलं ना!

तुझं पत्र वाचत होते तेव्हा दूध गॅसवर होतं. मी तिथेच टेबलाशी, हातभर अंतरावर. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळंठिक्कर पडलं, आणि मला पत्ताच नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण धापा टाकत वर आली, "आत्या, घर पेटलंय का काय?" बघ, तुझी पत्रं अशी असतात. माणसाची शुद्ध हरपते.

बरण्या परत आणल्या. इस्त्रीवाली, ती उंच, तिथली सगळ्यांत जुनी बाई, मला म्हणाली, "आत्या, देऊन परत नेणाऱ्या तुम्हीच पहिल्या." मान खाली घालून आले. सगळं केराच्या डब्यात ओतलं. तुझ्यावर विश्वास नसता तर ओतलं नसतं, एवढं लक्षात ठेव.

आता पाणी नाही तर पाणी नाही. कसं करायचं ते सांग. पण संत्र्याचा वास मी सोडणार नाही. ती माझी सही आहे. तुझी मिळत नाही, तर माझी तरी असू दे.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

बरण्या परत आणल्यास ते बरं केलंस. ते अवघड होतं हे मला कळतं.

खालची कृती मी स्वतः करून पाहिली आहे.

तेल चार भाग, मधमाशांचं मेण एक भाग. वाटीने नाही, वजनाने. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा चालेल. तेल नव्या बाटलीतलं घे. पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरं कोरडं भांडं ठेव आणि त्यात मेण वितळव. थेट आचेवर ठेवू नकोस. वाफेचा एक थेंबही आत पडता कामा नये. डब्या उकळून घे आणि पूर्ण वाळू दे. "जवळजवळ वाळल्या" म्हणजे वाळल्या नाहीत.

मोठी बरणी ठेवू नकोस. लाँड्रीतल्या बायकांचे हात ओले असतात. एकीने ओलं बोट घातलं की पाणी आत गेलं, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. प्रत्येकीला स्वतःची लहान डबी दे. हात पुसून, कोरड्या बोटाने घ्यायचं. उघड्या जखमेवर लावायचं नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

वासाबद्दल. सुगंधी तेल नैसर्गिक असलं तरी जोरदार असतं. शंभर ग्रॅम मलमाला फार तर दहा थेंब, आणि मोजून. वासावरून अंदाजाने नाही. संत्र्याच्या तेलाची बाटली कधीची आहे ते कळव. उघडी राहून जुनी झाली असेल तर फेकून दे. हवा लागून त्यात जे तयार होतं त्याने कातडीला पुरळ येते.

कुणालाही देण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहायचं. आधी तू, मग त्या.

तुझी भाची


२० मार्च

चि. भाचीस,

तुझ्या पद्धतीने केलं. काटा विकत आणला. डब्या उकळल्या, वाळवल्या, पुन्हा वाळवल्या. संत्र्याचं तेल तू सांगितलंस तितकंच घातलं. बायका खूश होत्या. दहा दिवस लावलं सगळ्यांनी. कोपराचं तेवढं राहिलं. मार्चअखेर जवळ येत होती आणि आठवडाभर थांबायला कुणाला वेळ होता?

काल इस्त्रीवालीची दोन्ही मनगटं लालभडक. पुरळ, खाज, सूज. तिने नुसते हात माझ्यापुढे धरले. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. सुपरवायझर बाईने सगळ्या डब्या गोळा करून खणात टाकल्या आणि कुलूप लावलं. म्हणाली, "आत्या, तुमचा हेतू चांगला आहे हो." हेतू चांगला म्हणजे काय ते मला कळतं. मी काही लहान नाही.

तुझं शास्त्र पाळून हे झालं. एक डबी पाठवते. घाल तुझ्या प्लेटवर आणि हो मोकळी.

मी आता हे सगळं बंद करणार आहे.

आत्या


२७ मार्च

आत्या,

सर्वांत आधी इस्त्रीवाल्या बाईंना डॉक्टरकडे ने. डबी सोबत ने आणि त्यात काय काय आहे ते सांग. संत्र्याचं तेल आवर्जून सांग.

आता मलमाबद्दल. प्लेट स्वच्छ आहे. एकही ठिपका नाही. डब्या, मेण, वाळवणं, सगळं तू अचूक केलंस. इथे नवीन आलेल्या मुलांना इतकं जमत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

झाकण उघडलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून खिडकीपाशी गेली. संत्र्याचा वास डोक्यात जातो, आणि त्याच्याखाली आणखी एक वास आहे, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. म्हणजे बाटली जुनी आहे. आणि हे दहा थेंब नाहीत. चाळीस म्हटले तरी कमी पडतील.

तू मला खरा आकडा सांगितला नाहीस. तू सहसा खोटं बोलत नाहीस, म्हणून मी कारण शोधलं आणि तुझी पत्रं पुन्हा वाचली.

दूध जळत होतं आणि तू हातभर अंतरावर होतीस. पत्राने शुद्ध हरपली असेल, पण पातेलं काळं होईपर्यंत धूर आणि वास येतो. खालच्या मजल्यावर शिंपिणीला आला. पहिल्या बरणीचा वास जिन्यातून वॉचमनपर्यंत गेला, आणि ज्या नाकाने कारखाना चालवला त्याला तो जास्त वाटला नाही. जुन्या तेलाचा वास तुला पूर्वी बाटली न उघडता कळला असता.

तू वास उठेपर्यंत थेंब घालतेस. वास उठलाच नाही, तर थांबायचं कुठे?

तुला वास येत नाही. कधीपासून?

हे मी आईबाबांना सांगितलेलं नाही. घरात गॅस आहे, म्हणून मी वाट न पाहता गॅस गळतीचा भोंगा पार्सलने पाठवला आहे. शिंपिणीकडून आजच लावून घे. आणि नाकाच्या डॉक्टरकडे जा.

मलम बंद करू नकोस. त्यातला फक्त वास बंद कर. फुटलेल्या हातांना वासाची गरज नसते.

तुझी भाची


५ एप्रिल

चि. मोजपट्टी,

भोंगा लावला. शिंपिणीने तो वाजवून बघितला आणि तिचाच चहा हातातून सांडला.

गेल्या थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप गेला आणि जाताना हे घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग एके दिवशी कपाटातल्या जुन्या साबणाच्या वड्या काढल्या, कारखान्यातल्या, मी जपून ठेवलेल्या. एकेक नाकाशी धरली. लाकडाचे ठोकळे हुंगावेत तसं. मी त्या परत गुंडाळून ठेवल्या आणि कुणाला बोलले नाही. काय बोलायचं? माझ्याकडे शिक्षण नाही, पैसा नाही, रूप तर तुझ्या आजीने सगळं तुझ्या बापाला दिलं. नाक होतं. तेही गेलं म्हटल्यावर आत्याचं उरलं काय?

म्हणून थेंब घालत राहिले. वाटायचं, आणखी एक घातला तर येईल. मलमाला नाही गं घालत होते मी. स्वतःच्या नाकाला घालत होते. दहा मोजले होते, देवाशपथ. मग बाटली उपडी केली.

काल इस्त्रीवालीकडे गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. वास येत नाही, तेल जुनं होतं, चूक माझी. तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "मग आत्या, एवढे दिवस तुम्ही जेवणात काय खाताय ते तुम्हाला कळतं तरी का?" आणि मला आत बसवून घेतलं. डॉक्टरच्या औषधाने तिच्या मनगटांची सूज उतरली आहे. मी तिला हेही सांगितलं की बिनवासाचं करणार आहे. ती म्हणाली, "करा. बघू."

आता माझी पाळी.

तू माझी पत्रं पुन्हा वाचलीस. मी तुझी वाचली. नाक गेलंय, डोळे आहेत. २५ फेब्रुवारीच्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यावर, अंगठा येतो तिथे, तेलाचा डाग आहे. २७ मार्चच्या पत्रावरही, त्याच जागी. तुझ्या पत्रावर डाग! तू शाळेत शाई सांडली तर अख्खी वही पुन्हा लिहायचीस. आणि अक्षर. तुझं अक्षर छापल्यासारखं सरळ, ते आता डावीकडे कललंय. पेन अंगठ्याला टेकवत नाहीयेस तू.

कृती "स्वतः करून पाहिली" म्हणे. करून पाहिलीस की लावून पाहिलीस?

तुझे हात फुटलेत. कधीपासून?

आत्या


११ एप्रिल

आत्या,

डिसेंबरपासून.

दिवसभर हातमोजे, आणि प्रत्येक नमुन्यानंतर साबण आणि स्पिरिट. आधी कोरडे पडले, मग बोटांच्या सांध्यांवर आणि अंगठ्याला भेगा पडल्या. मी सांगितलं नाही, कारण हाताला भेग असलेल्या माणसाला जंतूंच्या टेबलावर बसू देत नाहीत, आणि ते टेबल मला मिळून वर्ष झालं नव्हतं. नियम योग्य आहे. मी तो इतरांना समजावून सांगते.

तुझं पत्र आल्यावर मी मॅडमना हात दाखवले. त्या म्हणाल्या, "मी वाटच पाहत होते." दोन आठवडे मी कागदांच्या टेबलावर आहे. टेबल माझंच राहील असं त्यांनी सांगितलं. मला ते आधी विचारता आलं असतं.

तेल-मेणाचं मलम मी बिनवासाचं केलं होतं. कोपरावर आठवडाभर लावलं, मग हातांना. भेग उघडी होती तिथे नाही, तिच्या कडेने. कडा आता मऊ आहेत. भेगा डॉक्टरांच्या औषधाने भरत आल्या आहेत. म्हणजे तुझी कृती, तुझ्या सहीशिवाय, चालते.

मी शनिवारी येते. येताना नवं तेल आणि मेण आणते. काटा तुझाच वापरू. सुपरवायझर बाईंकडे आपण दोघी जाऊ, पण बोलायचं तू. मला लोकांशी गोड बोलता येत नाही, हे तू लेखी कळवलं आहेसच.

तुझी भाची


३० मे

चि. मोजपट्टी,

बस. पाणी पी. मग वाच.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत जो तमाशा सुरू झाला तो बघायला तू हवी होतीस. सुपरवायझर बाईने फर्मान काढलं, "कोपर दाखवल्याशिवाय डबी नाही." रोज सकाळी चादरींच्या ढिगाऱ्यापुढे सगळ्या बाह्या वर करून रांगेत उभ्या! एकमेकींची कोपरं बघतायत, नाक खुपसतायत. "तुझं लाल आहे." "ते मच्छर चावलाय, गप." आणि रांगेत सगळ्यांत पुढे कोण? इस्त्रीवाली. म्हणाली, "आधी आत्याच्या कोपराला लावा. मग माझ्या." माझ्या लावलं. आठवडा झाला, काही नाही. तिला आधी डॉक्टरला विचारून ये म्हटलं. तो हो म्हणाला, मग तिच्या लावलं. काही नाही! मनगट कसं, तर नव्या कापडासारखं.

मधल्या टेबलावरची घड्या घालणारी, तिला मात्र खरंच लाल झालं. बहुतेक मेण सोसत नाही. ती रडवेली झाली, पण मी तुझ्यासारखा चेहरा करून सांगितलं, "देता येणार नाही." मग तिच्यासाठी औषधाच्या दुकानातली साधी पेट्रोलियम जेली आणली आणि तिच्या डबीवरही माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली, म्हणजे तिला वेगळं वाटायला नको.

सुपरवायझर बाईला तरी कागद हवाच होता. तिने हॉस्पिटलच्या नावाने डबी तुमच्याकडे पाठवली, रीतसर. मला म्हणाली, "भाचीला सांगू नका." मी सांगितलं नाही. पोटात मावत नव्हतं, पण नाही सांगितलं.

काल अहवाल आला. तिने सगळी यंत्रं बंद करायला लावली. सगळी! त्या इमारतीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या या कानांनीसुद्धा ऐकली. आणि तिने मोठ्याने वाचलं, "जंतू आढळले नाहीत. बुरशी आढळली नाही." इस्त्रीवालीने इस्त्री टेबलावर आपटली. मग सगळ्यांनी जे हाती येईल ते आपटलं. पाण्याच्या मोटारीवरचा माणूस बाहेरून धावत आला, काय पडलं म्हणून.

कपाट उघडलं. साबण, ब्लीच, आणि मधल्या फळीवर माझ्या डब्या. तू लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक डबीवर: "पाणी नाही. वास नाही. कोरड्या बोटाने घ्या. उघड्या जखमेवर नको." त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, "आत्याचं मलम." एवढं चालतं ना? एक नवी पोरगी म्हणाली, "याला काहीच वास कसा नाही?" तर इस्त्रीवाली काय म्हणाली माहितीये? "वास हवा असेल तर फुलं घे. हे हातांसाठी आहे."

आणि सुपरवायझर बाई मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आत्या, दर महिन्याला लागेल. आता तुमच्यावाचून अडणार आमचं."

मी घरी कशी आले विचारू नकोस.

नाकाचा डॉक्टर म्हणतो, परत येईलही, येणार नाहीही. रोज सकाळी चार वास हुंगायला सांगितलेत. हुंगते. आज काही आलं नाही. गंमत म्हणजे मला त्याचं वाईट वाटायचं राहून गेलं. आज डब्या भरायच्या होत्या.

एकच तक्रार. अहवालाखाली सही दुसऱ्याच कुणाची! मी चष्मा लावून बघितली, काढून बघितली. पहिल्या पत्रापासून मी तुझी सही मागतेय. एवढं सगळं करून शेवटी तीच नाही?

तुझी (कपाटातली) आत्या


५ जून

आत्या,

नमुना आला तेव्हा मी डबी ओळखली. तुझं झाकण नेहमी थोडं तिरकं बसतं. मी लगेच मॅडमना सांगितलं की हे माझ्या आत्याचं आहे आणि मी याला हात लावू शकत नाही. नात्यातल्या माणसाचा नमुना तपासता येत नाही, अहवालावर सहीही करता येत नाही. तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तपासला, तीच जी मार्चमध्ये खिडकीपाशी गेली होती. तिने झाकण उघडलं, थांबली आणि म्हणाली, "यात काहीच नाही." प्लेट पाहिल्यावरही तेच म्हणाली.

मला न विचारता निकाल लागला याचा मला आनंद आहे. मी सही केली असती तर कुणीतरी म्हटलं असतं, घरचीच आहे. आता कुणी म्हणू शकत नाही. तुझं मलम अनोळखी माणसाने तपासलं आणि ते पास झालं.

प्लेट काढून टाकण्याआधी मी ती पाहायला मागितली. पूर्ण रिकामी होती. मी गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत उभी राहिले.

मी माझ्या टेबलावर परत आले आहे. हातांच्या भेगा भरल्या. रोज काम संपल्यावर हात पुसून, पूर्ण कोरडे करून लावते. त्या मुलीने एक डबी मागितली आहे. कोपरावर आठवडाभर लावून पाहा असं तिला सांगितलं. पुढच्या पार्सलमध्ये एक जास्त पाठव.

अहवालावर करता आली नाही, ती सही इथे करते. मलम उत्तम आहे.

लिहिताना कोपऱ्यावर अंगठ्याचा डाग पडला. कागद बदललेला नाही.

मोजपट्टी